लाकडी जिना करवून घेताना या चुका टाळा

मिरजेतल्या एका बंगल्यातला सागवानी जिना पाहायला मला बोलावले होते, कारण घरातला प्रत्येक माणूस शेवटच्या पायरीवर अडखळत होता. टेप लावला तेव्हा सतरा चढ (म्हणजे एकेका पायरीची उंची) बरोबर सात इंचांचे आणि अठरावा नऊ इंचांचा निघाला. सुताराच्या हातात खोट नव्हती. खालच्या मजल्यावर फरशी बसलेली असताना आणि वरचा स्लॅब उघडाच असताना त्याने १० फूट ६ इंच उंची घेतली होती. पुढे वर मसाला आणि फरशी मिळून दोन इंच चढले, आणि ते सगळे एकट्या शेवटच्या चढाच्या वाट्याला आले. खरी उंची १० फूट ८ इंच धरली असती, तर प्रत्येक चढ सात इंच आणि जेमतेम एक सूत (इंचाचा आठवा भाग) आला असता. अखेरीस बाजूच्या दोन्ही तिरक्या फळ्या नव्याने कापाव्या लागल्या. म्हणून उंची तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंतच घ्यावी, आणि फरशी बसायची असेल तर तिची जाडी गवंड्याकडून लिहून घ्यावी.

जागा वाचवण्यासाठी जिना उभा करण्याचा मोह ही दुसरी चूक. वाईकडच्या जुन्या वाड्यांतले अरुंद, उभे जिने पाहून अनेकांना तसाच घाट हवासा वाटतो. पण त्या जिन्यांवरून उतरताना आजही आपण भिंतीला हात लावतोच. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या घरात पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त आणि रुंदी, म्हणजे पाऊल ठेवायची पुढून मागे जागा, २५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. उंचीची दुप्पट आणि रुंदी यांची बेरीज साधारण २४ ते २५ इंच आली, की पाय आपोआप पडतो. सात इंच उंची आणि दहा इंच रुंदी हे माप त्यात बसते.

लाकडाच्या बाबतीत मात्र घाई सर्वांत महाग पडते. साग निवडला म्हणजे काम झाले असे नसते, कारण सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. कडेच्या फिकट भागाला वाळवी आणि भुंगा लवकर लागतो. वखारीतून आणलेली फळी वरून कोरडी दिसली तरी आत ओली असू शकते, म्हणून मॉइश्चर मीटरने तपासून बारा टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तरच ती कापायला घ्यावी. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. दहा इंचांची पायरी पावसाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात सुमारे एक सूत सहज आकसते, आणि तेवढ्या फटीतच तिची करकर सुरू होते. सांगलीचा कोरडा उन्हाळा आणि महाबळेश्वरच्या बाजूचा ओला पावसाळा यांत लाकूड वेगळे वागते; म्हणून फळ्या कामाच्या घरातच दोन-तीन आठवडे पट्ट्यांवर रचून ठेवाव्यात.

पायरी करकरू लागली की वरून खिळे ठोकणे हा नेहमीचा इलाज, आणि तोच बहुधा चुकीचा. खिळा काही महिन्यांत पुन्हा सैल होतो. जिन्याखालून जाता येत असेल, तर पायरी आणि उभी फळी यांच्या कोनात लाकडी ठोकळा फेविकॉल लावून स्क्रूने घट्ट बसवावा; फट मोठी असेल तर पातळ पाचर आधी सारावी. पायऱ्यांच्या पाय पडणाऱ्या बाजूवर चकचकीत पॉलिश देऊ नये. ओल्या पायाने वा मोज्यांनी उतरणाऱ्याला ते घसरवते.

कठड्याचा खरा कस टोकाच्या खांबावर लागतो. हा खांब नुसत्या पायरीला स्क्रूने अडकवला, तर मुले त्याला धरून वळताना लोंबकळतात आणि वर्षभरात तो डुलू लागतो. त्याचे कुसू (टोकाला कोरलेली जीभ) खाली जिन्याच्या चौकटीत उतरवून आरपार बोल्टने आवळावे. हातपट्टी पायरीच्या पुढच्या कडेपासून साधारण ९०० ते १००० मिलिमीटर उंचीवर असावी, आणि उभ्या दांड्यांमधली फट १०० मिलिमीटरपेक्षा कमी असावी, म्हणजे तान्ह्याचे डोके अडकणार नाही. पट्टी नक्षीदार पण रुंद केली की मूठ तिला वेढत नाही, हे दुकानात सुंदर दिसणाऱ्या अनेक पट्ट्यांचे दुखणे आहे. भिंतीवरच्या पट्टीसाठी मागे दीड-दोन इंच मोकळी जागा सोडावी. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीत साधा प्लग धरत नाही, तिथे त्या ब्लॉकसाठीचा खास अँकर वापरावा.

सांगलीत कृष्णाकाठच्या सखल भागात, जिथे २०१९ आणि २०२१ साली पाणी घरात शिरले, तिथे पहिल्या दोन-तीन पायऱ्या दगडाच्या करून लाकूड त्यावरून सुरू करणे शहाणपणाचे. लाकूड भिजलेच, तर पंखा आणि उघड्या खिडक्यांच्या वाऱ्याने सावकाश वाळू द्यावे, उन्हात ठेवू नये, आणि मीटरवर ओलावा पूर्ववत उतरेपर्यंत पॉलिशवाल्याला बोलावू नये.