लघुप्रबंध बाइंडिंगला टाकण्याआधी

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात मुलं माझ्याकडे प्रत तपासायला आणतात ती सबमिशनला आठवडा उरला की. 'सगळं झालंय, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा.' ऱ्हस्व-दीर्घ दोन दिवसांत होतं हो, घोडं अडतं ते पान नंबरापाशी. म्हणून तयारीला बसायचं ते आधी टिपणवही घेऊन, फाइल नंतर.

वहीत उतरवून घेतलेल्या प्रत्येक उताऱ्यासमोर पुस्तक, आवृत्ती आणि पान आहे का, बघा. आवृत्ती मुद्दाम सांगतोय, कारण नवी आवृत्ती निघाली की पानं सरकतात. मागे एकीच्या वहीत सव्वा पानाचा झकास मजकूर सापडला. अवतरणचिन्हं नाहीत, खाली नाव नाही. 'हे तुझं की पुस्तकातलं?' विचारलं तर तिलाच आठवेना. तो मजकूर काढावा लागला आणि त्याच्या आधारावरचं अर्धं प्रकरणही गेलं. तेव्हापासून माझा धोशा एकच: दुसऱ्याचं वाक्य निळ्या शाईनं, आपलं काळ्या.

हे नुसत्या सचोटीचं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. ४० पर्यंत गेलं तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रत द्यायची. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची यात मोजत नाहीत. तेव्हा घाबरून चांगली अवतरणं मोडून 'स्वतःच्या शब्दांत' कालवू नका. चिन्हांत ठेवा, तळटिपेत पान द्या.

जुनी पुस्तकं वापरली असतील तर सनावळी पुन्हा तपासा. मुखपृष्ठावर शक असेल तर ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ आहे, म्हणून आपण १२९० म्हणतो. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. 'माघ, शके १८१२' असेल तर ७९ मिळवून १८९१ येईल. इथे फार जण चुकतात.

अशा पुस्तकांतले 'करणें', 'नाहीं' यांवरचे अनुस्वार ठेवायचे की काढायचे? साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत याचं उत्तर आहे आणि ते कुणी वाचत नाही. केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळाबरहुकूम छापायचं. ते दोघे आणि त्यांच्यानंतरचे सगळे, आजच्या नियमांनी. भाषेच्या इतिहासावरच लिहीत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे गाईडशी बोला.

'असे' की 'असं' हेही महामंडळाच्या नियमांतच आहे. मुलाखतीतल्या माणसाच्या तोंडी 'असं केलं' राहू द्या, तुमचं स्वतःचं निवेदन मात्र 'असे केले'. (मी इथे 'असं' लिहितोय, कारण हा काही प्रबंध नाही.) दोन्ही एकाच परिच्छेदात आली की परीक्षकाची पेन्सिल थांबलीच समजा.

आता फाइल. 'ध्द' शोधा आणि सरसकट 'द्ध' करा. 'पध्दत', 'शुध्द' एका फटक्यात सुधारतात. 'र्य'ला मात्र सरसकट हात लावू नका, एकेक बघा. 'दुसर्या' चूक, 'दुसऱ्या' बरोबर. पण 'सूर्य', 'कार्य' जसेच्या तसे हवेत. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत फरक आहे: पहिल्यांना अर्पणपत्रिका, दुसऱ्यांना भाजीचं सांगायचं. मग आधी जागा सोडून ' साठी', ' मुळे', ' मध्ये' शोधा. फोनवर टाइप केलेल्या मजकुरात 'विद्यार्थ्यां साठी' अशी तुटलेली रूपं ढिगानं निघतात. 'मूल' पण 'मुलाला', 'जमीन' पण 'जमिनीचा', हे प्रकरणागणिक डोळ्यांनीच बघावं लागतं. 'रहाणे' दिसलं की 'राहणे' करा. आणि 'संशोधकाद्वारे अभ्यास करण्यात आला' हे वाक्य दिसेल तिथे खोडा. अभ्यास तुम्ही केलात ना?

संदर्भसूची कॉम्प्युटरकडून अकारविल्हे लावली असेल तर क्षीरसागर 'क'मध्ये जाऊन बसलेले असतील. आपल्या वर्णमालेत क्ष शेवटी येतो. कुठली रीत पाळायची ते ठरवा आणि सगळीकडे तीच ठेवा.

दुकानात वर्डची फाइल नेऊ नका. तिथल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला की पानं सरकतात आणि अनुक्रमणिकेतलं ४७ वं पान ४९ वर जातं. घरूनच पीडीएफ करून न्या, एकच प्रत काढा, अनुक्रमणिकेतली कुठलीही पाच पानं ताडून बघा, मगच बाकीच्या प्रती. प्रमाणपत्राचं पान प्रत्येक प्रतीत सहीचं लागतं, म्हणून त्या आठवड्यात गाईड गावाला जाणार नाहीत ना, हे आजच विचारून ठेवा.