कार्बन नॅनोट्यूबचा गॅस सेन्सर बनवताय? मग या चुका टाळा

नॅनोट्यूब म्हणजे कार्बनची अतिसूक्ष्म नळी, गॅस चिकटला की तिचा रेझिस्टन्स (विद्युतरोध) बदलतो आणि सेन्सर तोच मोजतो. पण अमोनिया सोडला, रेझिस्टन्स वाढला, ग्राफ मस्त आला, की लगेच खूश होऊ नका. आधी तोच प्रयोग अमोनियाशिवाय करा, म्हणजे तोच फ्लो, तेच व्हॉल्व्ह उघडणं-बंद करणं, फक्त आत कोरडी हवा. तरीही रेषा हलली तर तुम्ही गॅस मोजतच नाही आहात.

सगळ्यात जास्त फसवते ती हवेतली ओल. कार्बॉक्सिल ग्रुप (-COOH, आम्लधर्मी रासायनिक गट) आपण ट्यूबवर लावतो अमोनिया पकडायला, पण पाणीही त्यांनाच चिकटतं आणि रेझिस्टन्स हलवतं. त्यामुळे बेसलाइन (गॅस सोडण्याआधीचं रीडिंग) लॅबच्या हवेत घेतली (तीही मुंबईच्या जुलैत!) आणि टेस्ट गॅस सिलिंडरमधला एकदम कोरडा, असं करूच नका. दोन्हीकडे ओल सारखी ठेवा आणि चेंबरमध्ये ह्युमिडिटी सेन्सर लावाच.

दुसरं म्हणजे हे ग्रुप लावायला वापरतो ते ॲसिड. नायट्रिक-सल्फ्युरिकच्या मिक्श्चरमध्ये तासन्तास सोनिकेट केलं (अल्ट्रासाउंडने हलवलं) की ग्रुप भरपूर लागतात खरं, पण ट्यूब तुटतात, भिंतीत खड्डे पडतात आणि रेझिस्टन्स इतका चढतो की नॉइजमध्ये काही दिसतच नाही. रामन स्पेक्ट्रममध्ये (लेझरने केलेली रचनेची तपासणी) जी पीकच्या, म्हणजे शाबूत कार्बन जाळीच्या खुणेच्या, मानाने डी पीक, म्हणजे दोषांची खूण, किती वाढला ते बघत रहा. आणि प्रत्येक गॅसला ॲसिड लागतंच असं नाही, हायड्रोजनसाठी पॅलेडियमचे कण बसवतात, नायट्रोजन डायऑक्साइडसाठी पॉलिइथिलीनइमाइन या पॉलिमरचा थर चालतो.

हा थर दिल्यावर एक गोंधळ हमखास होतो. साधी नॅनोट्यूब हवेत पी-टाइप असते (वीज इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा वाहतात), म्हणून इलेक्ट्रॉन ओढणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडने रेझिस्टन्स उतरतं, पण हे पॉलिमर इलेक्ट्रॉन देऊन तिला एन-टाइप करतं (वीज इलेक्ट्रॉन वाहतात), मग तोच गॅस रेझिस्टन्स चढवतो. वायरिंग चुकलंय असं समजून सेटअप उसकटू नका, उलट थर नीट बसल्याची ती खूण आहे.

रिकव्हरीची, म्हणजे गॅस सुटून रीडिंग परत बेसलाइनवर येण्याची, घाई तर अजिबात नको. नायट्रोजन डायऑक्साइड रूम टेंपरेचरला सुटता सुटत नाही, स्टॅनफर्डच्या २००० सालच्या गाजलेल्या प्रयोगातसुद्धा सेन्सर पूर्वपदावर यायला सुमारे १२ तास लागले होते. बेसलाइन परत यायच्या आत पुढचा डोस दिला तर रिस्पॉन्स दर वेळी कमी दिसणार आणि तुम्ही म्हणणार सेन्सर खराब झाला. गॅस लवकर सुटावा म्हणून यूव्ही लाइट किंवा हीटर वापरा, फक्त पॉलिमरवाल्याला फार तापवू नका, थरच जळेल.

आणि अमोनियासाठी रबरी नळी नको, ती गॅस शोषून नंतर हळूहळू सोडत बसते, टेफ्लॉनची घ्या.