जुन्या घरात शूट? आधी मीटरबोर्ड बघा

फोंडा-डिचोलीकडच्या एखाद्या जुन्या घरात शॉर्टफिल्म करायची असेल, तर लाइटमनने फ्रेमच्या आधी मीटरबोर्ड बघावा. हिशोब सोपा आहे: दिव्याचे वॉट भागिले 230 व्होल्ट, म्हणजे अँपिअर. हजार वॉटचा हॅलोजन साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तो एकटाच. मोठे दिवे 16 अँपिअरच्या पॉइंटवर लावा. पण घरच्या काकूंना विचारल्याशिवाय फ्रिजचा प्लग काढू नका, आत बांगडे असतात. सॉकेट नवं असलं तरी भिंतीतली वायर जुनी असू शकते. थोड्या वेळाने प्लगला हात लावून बघा, गरम लागला तर लोड कमी करा. बजेट तुटपुंजं असेल तर माझं मत सरळ एलईडीला.

एक्स्टेंशनचा ड्रम पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर लोडवर तापते, इन्सुलेशन वितळतं. पावसाळ्यात वायरींचे जोड जमिनीवर टाकू नका, स्टुलावर ठेवा. वायर जोडाखाली थोडी लोंबती सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी जोडात न शिरता खाली ठिबकेल. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल, तर दिग्दर्शक कितीही मागे लागला तरी ओल्या अंगणात दिवा लावायचा नाही.