पियानो रोलचं साल काढताना या चुका टाळा

देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांची आवराआवर निघाली की कधीकधी लांबट पुठ्ठ्याचे डबे हाती लागतात. आत छिद्रं पाडलेल्या कागदाची गुंडाळी असते. हा आपोआप वाजणाऱ्या पियानोचा रोल. रद्दीवाल्याला देऊ नका, पण साल सांगायची घाईही करू नका.

मी ती केली होती. लॅम रोडवरच्या एका ओळखीच्या घरी रोलच्या तोंडाशी १९०५ छापलेलं दिसलं आणि आजींना सांगून मोकळा झालो, "हा १९०५ चा." ते साल चालीच्या स्वामित्वहक्काचं होतं. जुनी चाल वीस वर्षांनीही रोलवर निघू शकते. छापील सालावरून एवढंच ठरतं, की रोल त्याच्या आधीचा नाही.

खरा पुरावा छिद्रांत आहे. डिसेंबर १९०८ मध्ये अमेरिकेत बफेलोला रोल काढणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या आणि मापं ठरली: कागद ११¼ इंच रुंद, पियानोच्या ६५ पट्ट्या वाजवणाऱ्या रोलला रुंदीत दर इंचाला ६ छिद्रं, ८८ पट्ट्या वाजवणाऱ्या रोलला ९. रुंदीच्या दिशेने दोन लगतच्या छिद्रांच्या मध्यांतलं अंतर स्टीलच्या फूटपट्टीने मोजा. २.८ मिलिमीटरच्या आसपास आलं तर रोल ८८ चा, ४.२ आलं तर ६५ चा. कागद ज्यावर गुंडाळलेला असतो त्या फिरकीची टोकंही बघा: ६५ च्या फिरकीला बाहेर आलेल्या खुंट्या असतात. आजींचा रोल ८८ चा निघाला, म्हणजे जवळजवळ नक्कीच १९०८ नंतरचा. उलट ६५ चा दिसला म्हणून १९०८ च्या आधीचा समजू नका, तसे रोल नंतरही काही वर्षं निघत होते.

डब्यावर विसंबू नका. घरोघरी डबे अदलाबदल झालेले असतात, म्हणून डब्यावरचा क्रमांक रोलवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. तो जुळला तरी कंपनीच्या सूचीतून पहिल्या प्रकाशनाचंच साल मिळतं. क्यूआरएससारख्या कंपन्यांनी जुन्या रोलच्या नव्या प्रती पुढे कित्येक दशकं काढल्या.

रोलवर छापलेलं 'टेम्पो ७०' हे साल नव्हे. मिनिटाला ७ फूट कागद सरकवा, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक रोल कुणीतरी वाजवलेलाच असतो, हाही गैरसमज. १९०४ पासून जर्मनीतल्या वेल्टे कंपनीच्या 'वेल्टे-मिन्यों' यंत्रणेने वादकाचा हात, जोर-हलकेपणासकट, कागदावर उतरवला. पण साधे रोल पुष्कळदा टेबलाशी बसून, स्वरलिपी बघत, छिद्रांच्या खुणा करून बनत. वेल्टेचे जुने लाल रोल १२⅞ इंच रुंद असतात, ते साध्या यंत्रात बसणारच नाहीत. बळेच घालू नका.

आणि फाटलेल्या कडेला सेलोटेप नको. काही वर्षांत त्याचा चिकटा कागदात उतरतो, पिवळा डाग पडतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना धरतात. पावसाळ्यात दमट झालेला कागद उलगडूही नका. फुगलेली कड फिरकीच्या चकतीला घासते आणि तिथूनच फाटत जाते.

आजींच्या डब्यात आता पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे: "इंचात ९ छिद्रं, चाल १९०५, रोल १९०८ नंतरचा, डबा दुसऱ्याचा."