“यूनो झोपा काढतंय काय?” जगाच्या राजकारणावर बोलताना या चुका टाळा

हर्णै बंदरात संध्याकाळचा लिलाव आटपला की टपरीवर चहासोबत जगाचं राजकारण निघतं, आणि कोणतरी म्हणतोच, “यूनो झोपा काढतंय काय?” पहिली चूक हीच. यूनो, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ, हा काय जगाचा सरपंच नाय, पोलीसपाटील तर नायच नाय. तिच्याकडे स्वतःचं सैन्य नाही, शांतिसेनेचे जवानसुद्धा देशांनी दिलेले, आणि सुरक्षा परिषदेत अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स यातल्या एकाने व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, मारला की विषय संपला. १९४५ साली ही मोठी मंडळी आत आली तीच या अटीवर.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात, की कायदाबियदा सगळं थोतांड, बळी तो कान पिळी. असंही नाय हो. बंगालच्या उपसागरात भारत-बांगलादेशमधे साधारण २५,६०० चौरस किलोमीटर पाण्याचा वाद होता, २०१४ ला लवादाने त्यातलं १९,४६७ बांगलादेशला दिलं आणि आपण एवढे मोठे असून ते मानलं, कारण हद्द एकदा ठरली की तेल-गॅस शोधायला दोघंही मोकळे आणि शेजारही शांत. उलट २०१६ ला दक्षिण चीन समुद्रावरच्या हक्काबद्दल लवादाने दिलेला निकाल चीनने धुडकावला, पण तेव्हाही ‘कायदा मानत नाही’ असं म्हणाला नाही, या लवादाला अधिकारच नाही म्हणाला. नियम मोडणाऱ्यालाही कारण द्यावंसं वाटतं, ही गंमत लक्षात ठेवा.

वाद अडला तर आधी बघा, सही कोणाची आहे. अमेरिकेने १९८२ च्या समुद्र कराराला, म्हणजे कोणाचा हक्क समुद्रात कुठवर हे ठरवणाऱ्या कराराला, अजून मान्यता दिलेली नाही, तरी एप्रिल २०२१ मधे तिची युद्धनौका लक्षद्वीपजवळ आपल्या २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात (जिथल्या मासळी-तेलावर आपला हक्क) न विचारता फिरली आणि वर तोच कायदा आपल्याला सांगितला! दिल्लीने नाराजी कळवली, बस्स. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचंही तसंच, दोन्ही देशांनी कधीतरी आधी मान डोलावलेली असेल तरच केस उभी राहते.

आणि हे सगळं आजचं समजू नका. याच किनाऱ्यावर पोर्तुगीज लोक इतरांच्या जहाजांना कार्ताझ, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, घ्यायला लावायचे, मग कान्होजी आंग्र्यांनी आपला परवाना, म्हणजे दस्तक, सुरू केलं, तर इंग्रज ते घेईनात, वर कान्होजींनाच चाचे म्हणत बसले.