सोलापुरात इंटर्नशिपचे सत्र काढताना

इंटर्नशिपचे पत्र हातात पडले की बहुतेक विद्यार्थी सर्वप्रथम राहण्याच्या जागेचा शोध सुरू करतात. सोलापूरच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवावा. आधी आपले कामाचे ठिकाण शहराच्या कोणत्या बाजूला आहे हे नकाशावर नीट पाहावे आणि मगच खोलीची चौकशी करावी, कारण येथील औद्योगिक वसाहती एकमेकींपासून दूर, शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. चिंचोळी एमआयडीसी पुणे महामार्गावर मोहोळच्या दिशेने आहे, अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र हेही त्याच रस्त्यावर केगावला आहेत, यंत्रमाग आणि टॉवेल-चादरीचे कारखाने प्रामुख्याने शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आहेत, तर एनटीपीसीचे 1320 मेगावॉटचे औष्णिक केंद्र दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीजवळ आहे. शहराच्या दक्षिण भागातील जुळे सोलापुरात प्रशस्त, हवेशीर खोली मिळाली म्हणून घ्यायची आणि रोज चिंचोळीला जायचे, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सबंध शहर ओलांडायचे. ते दोन आठवडे जमते. सत्रभर जमत नाही.

शहर बससेवेच्या फेऱ्या मोजक्याच असल्यामुळे तिच्या भरवशावर पाळीची वेळ गाठण्याचे ठरवू नये. शेअर रिक्षा ठरावीक मार्गांवर मिळतात, परंतु त्या भरल्याशिवाय निघत नाहीत आणि रात्रीच्या पाळीनंतर फारशा दिसतही नाहीत. चिंचोळीतील काही कंपन्या कामगारांसाठी स्वतःची बस सोडतात. त्या बसमध्ये इंटर्नला बसता येते का आणि ती शहरात कोठे थांबते, हे रुजू होण्यापूर्वीच मनुष्यबळ विभागाला विचारून घ्यावे आणि शक्य झाल्यास त्या थांब्याजवळच खोली शोधावी. घरून दुचाकी आणणार असाल तर वाहन परवाना, विमा आणि हेल्मेट या तीनही गोष्टी सोबत असू द्याव्यात, कारण पुणे-हैदराबाद महामार्गावर जड वाहनांची वर्दळ अहोरात्र चालू असते.

खोली पाहायला गेल्यावर भाड्याच्या आधी पाण्याची चौकशी करावी. शहराला मुख्यतः उजनी धरणातून पाणी येते आणि नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे ‘पाणी आहे का’ या प्रश्नाला ‘आहे’ हेच उत्तर मिळेल. त्यावरून काहीच कळत नाही. विचारायचे ते असे: नळाला किती दिवसांआड पाणी येते, कोणत्या वेळी येते, खाली हौद आहे की फक्त गच्चीवर टाकी आहे, मोटार कोण चालू करतो, आणि बोअर असेल तर उन्हाळ्यात त्याला पाणी टिकते का. पाणी पहाटे येत असेल आणि तुमची पाळी सकाळी सहाची असेल, तर पाणी भरण्याचे काम कोणाकडे राहील हे खोलीतल्या जोडीदाराशी पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये होणाऱ्या भांडणांपैकी निम्मी याच एका कारणाने होत असावीत, असे माझे निरीक्षण आहे. बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते वापरायला चालते, पिण्यासाठी मात्र जार लावावा किंवा नळाचे पाणी झाकून, उकळून ठेवावे. झाकणाची एक मोठी बादली आणि तोटी असलेला एक पिंप या दोन वस्तू गादीच्याही आधी विकत घ्याव्यात.

दुसरी गोष्ट उन्हाची. सत्र जानेवारीत सुरू होत असेल, तर पहिल्या महिन्यात थंडी वाजते आणि वरच्या मजल्यावरची स्वस्त खोली उत्तम वाटते. एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. म्हणून डोक्यावर आणखी एक मजला असलेली खोली थोडे जास्त भाडे देऊनही घ्यावी, किंवा कूलर चालवायला मालकांची हरकत नाही ना आणि विजेचे बिल स्वतंत्र मीटरवर येते की अंदाजाने आकारले जाते, हे आधी स्पष्ट करून घ्यावे.

व्यवहार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतील एका खाटेपुरते भाडे देऊन राहणाऱ्यांच्या बाबतीत असा करार क्वचितच होतो, हे खरे. तरीही डिपॉझिटची रक्कम, ती परत करण्याची मुदत आणि खोली सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगायचे, एवढे तरी मालकांच्या सहीने कागदावर घ्यावे. आधार कार्डाची प्रत आणि महाविद्यालयाचे पत्र मालक मागतील, ते देण्यास हरकत नसावी.

जेवणाची चिंता फारशी करावी लागत नाही. मेस किंवा घरगुती डबा सहज मिळतो; एकदम महिन्याचे पैसे न भरता आधी आठवडाभर खाऊन पाहावे, इतकेच. पाळीच्या वेळा विचित्र असतील तर खोलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवावी. ज्वारीची ही पातळ, पापडासारखी वाळवलेली भाकरी कित्येक दिवस टिकते, आणि तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणीही लवकर खराब होत नाही. भाकरी चुरून आमटीत किंवा दह्यात थोडा वेळ भिजू द्यावी. कोरडी चावण्याचा हट्ट नवख्याने पहिल्याच रात्री करू नये. (बाहेरगावच्या मुलांना शेंगाचटणी सुरुवातीला तिखट लागते. महिनाभरात तीच मुले घरी जाताना दोन-दोन पुडे बांधून नेतात.)

कारखान्यात रुजू होताना ऑफर लेटर, महाविद्यालयाचे शिफारसपत्र, ओळखपत्र, विमा असल्यास त्याची प्रत आणि कोरी लॉगबुक (रोजच्या कामाची नोंदवही) सोबत न्यावी. स्टायपेंड मिळणार की नाही, हे पहिल्याच भेटीत नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. यंत्रमाग कारखान्यात काम असेल तर पुढचे काही बारकावे कोणी मुद्दाम सांगत नाही. मागावर आवाज इतका असतो की जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा मुख्य कारागीर, तुमच्या कानाशी येऊन बोलतो किंवा नुसत्या हाताच्या खुणेने सांगतो. ती खूण कळली नाही तर मान डोलावू नये, बाहेर येऊन पुन्हा विचारावे. ओढणी, सैल बाही आणि गळ्यातील ओळखपत्राची लोंबती दोरी मागाजवळ धोकादायक असते, तेव्हा ओळखपत्र खिशाला क्लिपने लावावे. कानात बोळे आणि तोंडावर मास्क असावा, कारण सुताची तूस दिवसभर उडत राहते. पूर्व भागातील अनेक कारागीर आपसांत तेलुगू बोलतात आणि शहरात कन्नड, दखनीही सर्रास ऐकू येते. मराठीने काम अडत नाही, पण वयाने मोठ्या कारागिराला ‘अण्णा’ म्हणून हाक मारली तर जेकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) नक्षी कशी उतरते हे तो जेवणाच्या सुट्टीत आपणहून समजावून सांगतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीविषयी पुस्तकातून न कळणारे बरेच काही अशा अर्ध्या तासात कळते.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर महाराजांची गड्ड्याची यात्रा भरते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी जुन्या शहरातील रस्ते वळवले जातात आणि होम मैदानाचा परिसर गर्दीने भरून जातो, म्हणून त्या आठवड्यात खोली बदलण्याचा बेत आखू नये. यात्रा मात्र अवश्य पाहावी. पुण्याकडे घर असणाऱ्यांना सोलापूरहून सकाळी सुटणारी आणि संध्याकाळी पुण्याहून परतणारी हुतात्मा एक्सप्रेस सोयीची आहे, मुंबईसाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आणि फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत आहे. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आल्यास आरक्षण लवकर करावे, कारण अक्कलकोट आणि तुळजापूरला जाणाऱ्या भाविकांची गर्दीही त्याच गाड्यांना असते.

लॉगबुकवर मार्गदर्शकाची सही दर आठवड्याला घ्यावी. तीन महिन्यांच्या सह्या एकदम मागितल्या तर बहुतेक अधिकारी टाळाटाळ करतात, आणि त्यांचे चुकतेही नाही. पूर्णत्वाचे प्रमाणपत्र लेटरहेडवर, शिक्क्यासह, सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहिलेले असावे. त्याचा मसुदा शेवटच्या आठवड्याच्या आधीच मनुष्यबळ विभागाकडे द्यावा, कारण सही करणारे साहेब नेमके त्याच दिवसांत बाहेरगावी असतात. खोली सोडताना वीजबिल चुकते करून पावती घ्यावी, मीटरचा आकडा मोबाईलवर टिपून ठेवावा आणि डिपॉझिट हातात किंवा खात्यात जमा झाल्यावरच किल्ली द्यावी.