बंद पडलेल्या नॅसमधून फोटो परत मिळाले

दोन डिस्कचा जुना नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइल्स ठेवायचा डबा), रेड १ वर (म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा), एका सकाळी चालूच होईना, लाईट नाही फॅन नाही. ॲडाप्टर मल्टिमीटरवर बरोबर १२ व्होल्ट दाखवत होता, तरी दुसरा लावून बघितला, काही नाही, म्हणजे बोर्डच गेलेला. डिस्क विंडोजला जोडली तर त्यातली लिनक्सची मांडणी त्याला वाचता येत नाही, म्हणून फॉरमॅट करू का विचारतं, तिथे अजिबात हो म्हणू नका!! बाबांचे सगळे फोटो त्यात, दोन रात्री झोप नाही.

शेवटी एकच डिस्क काढली, स्वतःचा १२ व्होल्ट ॲडाप्टर असलेल्या साटा-यूएसबी डॉकमध्ये (डिस्क यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचा स्टँड) लावली (साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही), कॉम्प्युटरवर उबुंटू (लिनक्स) पेनड्राइव्हवरून चालू केलं, एमडीएडीएम (लिनक्सचं रेड हाताळायचं टूल) इन्स्टॉल करून असेंबल-स्कॅन ही कमांड दिली, एमडी१२७ नावाने रेड दिसलं, ते रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल असं) माउंट केलं म्हणजे उघडलं आणि आरसिंक या कॉपी करायच्या टूलने सगळं नव्या डिस्कवर घेतलं. दुसरी डिस्क तशीच बाजूला ठेवलीये.